हौशी म्हणजे कोण? मेजर रॉबर्ट पूअर, पुणे आणि व्हिक्टोरियन लष्करी खेळाडू

या घटकात आपण एका माणसाचे चरित्र वाचणार आहोत. वसाहतकालीन इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव तुम्हाला सापडणार नाही, आणि क्रिकेटच्या आकडेवारीचा नाद नसेल तर ते कानावर आलेले असण्याचीही शक्यता कमी आहे. पण एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश लष्करी अधिकारी वसाहतीत कसा राहत होता, वेळ कसा घालवत होता आणि त्या वेळेची किंमत कोण मोजत होते, हे समजून घ्यायला हे चरित्र फार उपयोगी पडते.

सुरुवात एका पंधरवड्यापासून करू. इंग्लंडमध्ये १८९९ च्या उन्हाळ्यात मेजर रॉबर्ट माँटेग्यू पूअर या घोडदळाच्या अधिकाऱ्याने तीन गोष्टी केल्या. त्यांच्या रेजिमेंटने, म्हणजे सातव्या हुसार्सने, आंतर-रेजिमेंट पोलो स्पर्धा जिंकली आणि त्या संघात ते खेळले. लष्कराच्या वार्षिक शस्त्रस्पर्धेत घोड्यावरच्या शस्त्रविद्येचे बक्षीस त्यांनी पटकावले. आणि हँपशायर कौंटीकडून खेळताना लागोपाठ तीन शतके ठोकली: सॉमरसेटविरुद्ध एकाच सामन्यात १०४ व नाबाद ११९, आणि पुढच्या सामन्यात लँकशायरविरुद्ध १११. त्यांच्या मृत्यूनंतर छापलेल्या आठवणींत हे तीनही पराक्रम एकाच पंधरवड्यातले म्हणून सांगितले गेले. अशा आठवणी चाहत्यांनी लिहिलेल्या असतात, हे ध्यानात ठेवा. पंधरवडा थोडा ताणला गेला असेल, पण त्या धावा धावपुस्तकात नोंदलेल्या आहेत.

त्या हंगामाचे आकडे तुम्ही स्वतः तपासून पाहावेत असे मला वाटते. फलंदाजीची सरासरी काढताना एकूण धावांना डावांच्या संख्येने भागत नाहीत, तर जितक्या वेळा फलंदाज बाद झाला त्या संख्येने भागतात. पूअर यांनी १८९९ मध्ये सर्व प्रथम दर्जाच्या सामन्यांत मिळून २१ डावांत १५५१ धावा केल्या. त्यांपैकी चार वेळा ते नाबाद राहिले. १५५१ ला १७ ने भागा: ९१.२३. फक्त हँपशायरचे सामने घेतले तर १६ डावांत १३९९ धावा होतात, बाद झाले १२ वेळा, सरासरी ११६.५८. या १३९९ धावा १२ जून ते १२ ऑगस्ट या दोन महिन्यांतल्या आहेत आणि त्यांत सात शतके आहेत. इंग्लिश हंगामातील ९१.२३ ही सरासरी पुढे तीस वर्षे कोणाला ओलांडता आली नाही. शेवटी १९३० मध्ये डॉन ब्रॅडमन यांनी ती मागे टाकली.

त्या हंगामातील टाँटनचा सामना तर कथेसारखाच आहे. सॉमरसेटविरुद्ध पूअर यांनी ३०४ धावा केल्या आणि दुसऱ्या बाजूला कॅप्टन टेडी विनयार्ड यांनी २२५. सहाव्या गड्यासाठी दोघांनी ४११ धावा जोडल्या आणि हँपशायरने ७ बाद ६७२ वर डाव घोषित केला. हे विनयार्डही लष्करातलेच, जन्म सहारनपूरचा, ब्रह्मदेशातील मोहिमेत शौर्यपदक मिळवलेले. १८८१ मध्ये ओल्ड कार्थुशियन्स संघाकडून ते इंग्लंडच्या फुटबॉल चषकाचा अंतिम सामना जिंकले होते आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीतही अजिंक्य ठरले होते. म्हणजे पूअर काही एकटे नव्हते. हा एक नमुना होता, एक घडवलेला माणूस होता. तो कुठे आणि कसा घडला, हा आपला प्रश्न आहे.

पूअर यांच्या बाबतीत या प्रश्नाचे निम्मे उत्तर पुण्यात सापडते.

गणेशखिंड

पूअर यांचा जन्म २० मार्च १८६६ रोजी डब्लिन येथे झाला. उंची सहा फूट चार इंच. शाळेत असताना क्रिकेटपटू म्हणून त्यांचे काही नाव नव्हते. ते घोडदळात आले, भारतात आले, आणि इथे आल्यावर त्यांनी क्रिकेट मनावर घेतले, तेही पुस्तके वाचून! गोलंदाज कसा खेळावा, पाय कुठे टाकावा हे छापील पानावरून शिकून मैदानावर घोटणारा पंचविशीतला अधिकारी डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे पुस्तकी माणसाला खेळता येत नाही असे म्हणतात. इथे उलटे झाले.

१८९२ ते १८९५ या काळात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांचे एडीसी होते. एडीसी म्हणजे गव्हर्नरांच्या खासगी व्यवस्थेतला लष्करी अधिकारी: पाहुण्यांची सरबराई, मिरवणुकी, मेजवान्या, घोडे. हॅरिस स्वतः इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे माजी कर्णधार होते आणि क्रिकेट हा त्यांच्या कारभाराचा जवळजवळ एक विभागच होता. पावसाळ्यात गव्हर्नरांचा मुक्काम पुण्याला गणेशखिंडीतल्या सरकारी निवासस्थानी असे. तुम्ही पुण्यात शिकत असाल तर ती इमारत तुम्ही रोज पाहता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत तीच. त्या वास्तूच्या नावाने, ‘गव्हर्नमेंट हाउस’ म्हणून, एक क्रिकेट संघ खेळत असे आणि पूअर त्या संघाचे फलंदाज होते. खेळायला मैदान होते, सराव द्यायला माणसे होती, वरिष्ठ स्वतःच खेळवेडे होते आणि कामाचे तास सैल होते. फलंदाज घडायला आणखी काय लागते?

पण त्याच वर्षांतले पुणे आणि मुंबई आठवा. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. गव्हर्नर पुण्यात होते आणि त्यांनी मुंबईला यायला फार उशीर लावला अशी टीका त्यांच्यावर झाली. त्याच सुमारास लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव आकार घेऊ लागला. चार वर्षांनी, २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून याच गणेशखिंडीच्या बंगल्यातून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. पूअर तेव्हा भारतात नव्हते. पण ज्या हिरवळीवर ते काही वर्षांपूर्वी फटके मारत होते, तिच्या फाटकाबाहेरचे शहर कुठे चालले होते हे यावरून दिसते. क्रिकेटच्या नोंदींत हे शहर कुठेच येत नाही. धावपुस्तक हे साधन म्हणून काटेकोर असते, पण त्याची नजर सीमारेषेपलीकडे जात नाही.

पोलो विरुद्ध क्रिकेट

लष्करी अधिकारी इतके खेळ का खेळत? याची साधी कारणे आहेत. शांततेच्या काळात छावणीत काम थोडे आणि दिवस लांब. उन्हाळा, ताप, दारू आणि कंटाळा यांनी माणसे खचत. वरिष्ठांना वाटे की अधिकारी घोड्यावर किंवा मैदानावर असलेला बरा. घोडदळाला पोलो म्हणजे युद्धाचा सराव वाटे, कारण त्यात दौड, वळण, धडक आणि नजर सगळे येते. पोलो ब्रिटिशांना मिळाला तो मणिपूर-कछारकडून. त्यांनी नियम बांधले, क्लब काढले आणि १८७० च्या आसपास तो इंग्लंडला नेला. हीच गत इतर खेळांची. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत लिहिले गेले आणि काही काळ त्या खेळाला ‘पूना’ असेच म्हणत. स्नूकरची कल्पना १८७५ मध्ये जबलपूरच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याला सुचली आणि त्याचे नियम उटकमंडच्या क्लबात पक्के झाले. म्हैसूरहून बंडीपूरच्या जंगलातून घाट चढून गेलात की हा क्लब लागतो.

म्हैसूरचे नाव आले म्हणून थोडे विषयांतर. शिकार हाही या अधिकाऱ्यांचा मोठा खेळ, आणि म्हैसूर संस्थानातली काकनकोटेची जंगले त्यासाठी प्रसिद्ध होती. तिथल्या हत्ती पकडण्याच्या खेड्ड्याचे श्रेय जी. पी. सँडर्सन यांना देतात. ते लष्करी नव्हते, नोकरी कालव्यांच्या खात्यातली. १८७८ मध्ये त्यांनी आपल्या अनुभवांचे पुस्तक छापले आणि ते पुष्कळ वाचले गेले. पण हत्तींचा माग काढणारे, रात्रभर कळपाला वेढा घालून बसणारे कुरुब लोक होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव एकाचे असते. हा मुद्दा मनात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

मुंबईत मात्र साहेबांच्या पोलोने भांडण उभे केले. एस्प्लनेड मैदानावर भारतीय मुले क्रिकेट खेळत. आठवड्यातून ठरावीक दिवशी त्याच गवतावर बाँबे जिमखान्याचे सभासद पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडत. एका चौकोनी कुंपणाआड जिमखान्याचे स्वतःचे क्रिकेट मैदान सुरक्षित होते, हे विशेष. १८८१ पासून भारतीय क्रिकेटपटूंनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या. सरकार एकदा मान्य करी, मग माघार घेई. या लढ्याचा वृत्तांत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पुस्तकरूपाने लिहून ठेवला. मूठभर गोऱ्यांचा पोलो आणि हजारो देशी मुलांचे क्रिकेट, यांत मैदान कोणाचे, असा त्यांचा सरळ सवाल होता. माझ्या मते भारतीय क्रीडा-इतिहासातले हे पहिले महत्त्वाचे राजकीय लेखन आहे. अखेर समुद्र हटवून मिळालेल्या जमिनीवर पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना वेगवेगळे भूखंड मिळाले. म्हणजे प्रश्न सुटला तो जमातवार तुकडे पाडून. शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डमुळे मुंबईत हॅरिस यांचे नाव आजही घेतले जाते आणि काही लेखक त्यांना भारतीय क्रिकेटचे जनक म्हणतात. मला ही पदवी जड वाटते. पारशी क्रिकेटपटू तर ते येण्याच्या आधी इंग्लंडचे दोन दौरेही करून आले होते.

हौसेचे मोल

आता ‘हौशी’ या शब्दाकडे वळू. त्या काळच्या इंग्लिश क्रिकेटमध्ये खेळाडूंचे दोन वर्ग होते. खेळासाठी पैसे घेणारा तो व्यावसायिक आणि न घेणारा तो हौशी, म्हणजेच सभ्य गृहस्थ. दोघांची कपडे बदलण्याची खोली वेगळी, अनेक मैदानांवर आत येण्याचे फाटक वेगळे, धावफलकावर नाव छापण्याची रीतही वेगळी. हा भेद अधिकृतपणे १९६२ पर्यंत टिकला. मराठीत आपण म्हणतो, हौसेला मोल नाही. इंग्लिश हौशी खेळाडूच्या हौसेला मात्र नेमके मोल होते, फक्त ते त्याला आधीच मिळालेले असे. घोडदळातल्या अधिकाऱ्याचा पगार मेसच्या खर्चालाही पुरत नसे. पोलोचे घोडे ठेवायचे तर दरवर्षी काही शे पौंडांचे खासगी उत्पन्न लागे. पैसे देऊन कमिशन विकत घेण्याची पद्धत १८७१ मध्ये बंद झाली, पण घोडदळाचे दार गरिबाला उघडले असे झाले नाही. पूअर यांनी १८९८ मध्ये एका ड्यूक घराण्यातील लेडी फ्लोरा डग्लस-हॅमिल्टन यांच्याशी विवाह केला, यावरून त्यांचे सामाजिक स्थान कळते. आडनावाचा इंग्रजी अर्थ त्यांना लागू नव्हता!

हे सारे एका बाजूला ठेवा आणि त्याच वर्षांतले पुण्यातले दुसरे मैदान पाहा. पूना जिमखान्यावर साधारण १८९२ पासून एक मुलगा काम करत होता. जाळी बांधणे, खेळपट्टीवर रूळ फिरवणे, रेघा मारणे ही त्याची कामे. पगार महिना चार रुपये. त्याआधी पुण्यातल्याच पारशी क्लबात तो तीन रुपयांवर होता. त्याचे नाव पालवणकर बाळू. मूळ घराणे कोकणातल्या पालवणचे, जात चांभार, वडील लष्करात नोकरीला. साहेब लोक सरावाला आले की बाळू त्यांना गोलंदाजी टाकी. डावखुरा, संथ, अचूक. फलंदाजी मात्र त्याला कोणी देत नसे.

त्या साहेबांमध्ये जे. जी. ग्रेग नावाचे अधिकारी होते. जन्म महूचा, अंगाने लहानखुरे, इलाख्यातले त्या काळचे बहुधा सर्वोत्तम युरोपीय फलंदाज. ‘जॉन ग्लेनी’ हे त्यांचे नाव देशी लोकांच्या तोंडी ‘जंगली’ झाले आणि तेच टोपणनाव पडले. ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूला तासभर गोलंदाजी करायला लावत. आपल्याला बाद केले की प्रत्येक वेळी ते आठ आणे देत, अशी एक आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, हिशेब करून पाहा: महिन्यात आठ वेळा ग्रेगना बाद केले की पगाराइतके पैसे. पुढे ग्रेगही हँपशायरकडून खेळले आणि १९०१ मध्ये लँकशायरविरुद्ध त्यांनी नाबाद २४९ धावा केल्या. त्या धावांमागे पुण्याच्या सकाळी किती होत्या, हे कोणत्याही धावपुस्तकात लिहिलेले नाही.

बाळूंना पुण्याच्या हिंदू संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. घेतले, कारण युरोपियनांना हरवायचे होते. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू हातात घेत, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम संघात होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. त्या संघात म्हैसूर संस्थानातले बी. जयराम हे फलंदाजही होते. इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी मिळाले नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले, तेही मोठ्या झगड्यानंतर.

हौशी आणि व्यावसायिक हा इंग्लंडमधला वर्गभेद भारतात आला तेव्हा त्याला जातीचे आणि वंशाचे असे दोन जिने जोडले गेले. बाळूंना आपण कोणत्या खान्यात घालणार? ते पैसे घेत, म्हणून व्यावसायिक? पण ते पैसे रूळ फिरवण्याचे होते, गोलंदाजीचे नव्हते. गोलंदाजी तर ते फुकट करत होते. अशा अर्थाने जिमखान्यावरचा सगळ्यात मोठा हौशी खेळाडू तोच होता, असे म्हटले तर?

युद्ध

पूअर यांच्याकडे परत येऊ. १८९५ मध्ये त्यांची रेजिमेंट दक्षिण आफ्रिकेला गेली. तिथे लॉर्ड हॉक यांचा इंग्लिश संघ आला असता, १८९६ मध्ये पूअर चक्क दक्षिण आफ्रिकेकडून तीन कसोटी सामने खेळले. नागरिकत्वाचे नियम तेव्हा असे सैल होते. पोर्ट एलिझाबेथच्या पहिल्या कसोटीत जॉर्ज लोहमन यांनी दुसऱ्या डावात ७ धावांत ८ बळी घेतले आणि सारा संघ ३० धावांत गुंडाळला गेला. तीन सामन्यांतल्या सहा डावांत पूअर यांच्या धावा ७६. १८९९ चे आकडे वाचून भारावलेल्या विद्यार्थ्याने हे ७६ ही लिहून घ्यावेत. त्याच वर्षी माटाबेलेलँडमध्ये स्थानिक लोकांचा उठाव मोडण्याच्या मोहिमेत सातवे हुसार्स उतरले आणि पूअर त्यांच्याबरोबर होते.

१८९९ चा तो सुवर्ण हंगाम संपला आणि ऑक्टोबरात बोअर युद्ध सुरू झाले. पूअर आफ्रिकेत परतले. तिथे ते प्रोव्हो मार्शल झाले. हे पद म्हणजे लष्करी पोलिसांचे प्रमुखपद: शिस्त, कैदी, आणि फाशी किंवा गोळीच्या शिक्षेची अंमलबजावणी. कैद्यांना ठार मारल्याबद्दल लेफ्टनंट ‘ब्रेकर’ मोरांट आणि हँडकॉक यांना २७ फेब्रुवारी १९०२ रोजी प्रिटोरियात गोळ्या घालण्यात आल्या. ऑस्ट्रेलियात त्या खटल्यावर आजही वाद होतो आणि अभ्यासक पूअर यांच्या रोजनिशीचा आधार घेतात. गंमत पाहा: ज्या माणसाच्या धावांची नोंद सगळ्या जगाने ठेवली, त्याने स्वतः ठेवलेली नोंद उपयोगी पडली ती मृत्युदंडाच्या अभ्यासाला. युद्धातल्या कामगिरीसाठी त्यांना डीएसओ मिळाले, आणि १९०० मध्ये विस्डेन वार्षिकाने त्यांची वर्षातील पाच क्रिकेटपटूंत निवड केली, तेव्हा ते रणभूमीवर होते.

नंतर ते हँपशायरकडून अधूनमधून खेळले, पुन्हा भारतात नोकरी केली आणि ब्रिगेडियर-जनरल म्हणून निवृत्त झाले. १४ जुलै १९३८ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यांचे निधन झाले. ग्रेग यांनी तर उतारवयात कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली. पालवणकर बाळू १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्वाध्याय

पूअर यांची कसोटीतील सरासरी काढा. सहाही डावांत ते बाद झाले असे धरा आणि ती १८९९ च्या सरासरीशी ताडून पाहा. दोन्हींतल्या फरकाची किमान तीन कारणे लिहा, त्यांतले एक तरी खेळाबाहेरचे असावे. मग तुमच्या महाविद्यालयाच्या किंवा गावाच्या मैदानाची जुनी कागदपत्रे मिळतात का ते पाहा: सामन्यांची वही, वर्गणीची पावती, माळ्याचा किंवा रूळ फिरवणाऱ्याचा पगारपट. पहिल्या वहीत सापडणारी किती नावे तिसऱ्या कागदावर दिसतात, ते मोजा.